कोकरं, गाई आणि पोटावरची चरबी

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय स्तनाचा कर्करोग आणि चरबी. पण आधी जरा स्कॉटलंडच्या कुरणात जाऊ.

1876 साल. जॉर्ज बीटसन नावाचा तरुण डॉक्टर एका मनोरुग्णाची काळजी घ्यायला पश्चिम किनाऱ्यावर राहिला होता. काम बेताचं, वेळ भरपूर. शेजारच्या शेतावर कोकरांचं दूध तोडत होते. दूध येतं कसं, आटतं कसं, याच्या मागे हा लागला आणि एम.डी.चा प्रबंधच त्यावर लिहिला. त्यातच त्याला कळलं, की काही देशांत गाय व्याली की तिचे अंडाशय काढतात, मग ती दूध देतच राहते. म्हणजे कास इथे आणि हुकूम अंडाशयाचा! हॉर्मोन हा शब्दसुद्धा तेव्हा नव्हता, तो आला 1905 मध्ये. मोठे शोध गोठ्यातून निघतात ते असे; आपण मात्र मुलांना गोठ्याकडे फिरकू देत नाही, असो.

1895 मध्ये ग्लासगोत त्याच्याकडे 33 वर्षांची बाई आली. दोन मुलांची आई, स्तनाची गाठ काढूनही परत उद्भवलेली. बीटसननं तिचे अंडाशय काढले. आठ महिन्यांत गाठ दिसेनाशी झाली! 1896 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यानं हे छापलं. पुढे रोग परतला, पण बाई जवळपास चार वर्षं जगली.

आता चरबी. अंडाशयाचा तो हुकूम म्हणजे इस्ट्रोजेन हे हॉर्मोन; स्तनाच्या बऱ्याच गाठी त्याच्यावर वाढतात. पाळी गेली की अंडाशय थंडावतात, पण इस्ट्रोजेन थांबत नाही. चरबीतलं अ‍ॅरोमाटेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, ते बनवत राहतं. पुन्हा सांगते, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत बनतं. या कर्करोगावर देतात ती लेट्रोझोलची गोळी हेच विकर अडवते. शिवाय वजन वाढलं की इन्सुलिन आणि लेप्टिन हे चरबीतून येणारं हॉर्मोनही वाढतात, आणि पेशींच्या वाढीला तेही हातभार लावतात. म्हणून लठ्ठपणा असलेल्या बायकांत रोग उलटण्याचा धोका सरासरीनं जास्त दिसतो. सरासरीनं, हं! बारीक बाईलाही हा रोग होतो, तेव्हा कुणाला 'खाऊन खाऊन ओढवून घेतलंस' म्हणू नका. आणि 'खात्यापित्या घरची' हे कौतुकही आता पुरे. उपासाला तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी दोन वेळा, त्याला उपास तरी का म्हणायचं?

उपचार चालू असताना मनानं उपाशी राहू नका, गोळी मनानं सोडू नका. गोळी मनानं सोडू नका. आणि बायोप्सीचा रिपोर्ट घरात असेल तर काढा, त्यात 'ईआर'पुढे, म्हणजे गाठीच्या पेशी इस्ट्रोजेनचा हुकूम ऐकतात का यापुढे, काय लिहिलंय ते बघा, आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना त्याचा अर्थ विचारा. नमस्कार.