जीपच्या पोटाखाली

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथची घरघर सुरू होण्याआधीच एका मिस्त्रींच्या शेडमध्ये एक जीप लाकडी ठोकळ्यांवर चढलेली आहे. महिंद्राची एमएम ५४०. रंग ताजा, हूड कोरे, टायर रुंद आणि काळेभोर. घेणाऱ्याने तीन वेळा चावी फिरवून इंजिनाचा आवाज ऐकला आणि तिथल्या तिथे सौदा पक्का केला. गाडीखाली वाकून पाहण्याचे मात्र कोणाला सुचले नाही. जुनी जीप घेणाऱ्या बहुतेकांचे असेच होते, आणि पुढच्या वर्षभरात जो खर्च निघतो त्यातला मोठा वाटा त्या न पाहिलेल्या भागातूनच निघतो.

या गाडीचे मूळ अमेरिकेच्या विलीज जीपमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीजची जुळणी सुरू केली. पुढे पेट्रोल इंजिनाची जागा प्यूजोच्या रचनेच्या २,११२ सीसी डिझेल इंजिनाने घेतली, परंतु शिडीसारखी चेसी, कमानीचे पाटे आणि पुढे-मागे अखंड एक्सल ही मांडणी फारशी बदलली नाही. या मिश्र वंशावळीची खूण मिस्त्रींच्या हत्यारपेटीत दिसते. इंजिनाचे नट मिलिमीटरचे आणि खालचे बरेचसे नट इंचाचे असल्याने त्यांना दोन्ही मापांचे पाने बाळगावे लागतात. इंचाचे माप इथे अजूनही सुतात बोलतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. अर्ध्या इंचाच्या, म्हणजे चार सुती नटावर १३ मिलिमीटरचा पाना कसाबसा बसतो, आणि आधीच्या घाईच्या हातांनी तो तसाच बसवून नटांचे कोपरे गोल करून ठेवले आहेत. आजची पहिली दोन तास मेहनत तेवढे नट सोडवण्यातच जाते.

पहिली परीक्षा चारही चाकांना खरोखर जोर मिळतो की नाही, याची. या जातीच्या अनेक गाड्या दोन चाकांच्या ओढीच्याच होत्या आणि बाहेरून त्या ओळखू येत नाहीत. चाके अधांतरी ठेवून, पुढची चाके एक्सलशी जोडणारे हबचे लॉक फिरवून, ट्रान्सफर केसचा, म्हणजे जोर पुढच्या-मागच्या एक्सलना वाटणाऱ्या पेटीचा, दांडा टाकून गिअर लावला असता पुढचा शाफ्ट आणि पुढची चाके फिरली, तरच ती फोर बाय फोर. हा दांडा डांबरी रस्त्यावर वापरू नये, असे मिस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. हा फरक सामावून घेणारे डिफरन्शियल या ट्रान्सफर केसमध्ये नाही. मातीत किंवा वाळूत चाक थोडे घसरून ताण सोडवते. डांबरावर ते घसरत नाही, सगळा ताण गिअर, शाफ्ट आणि शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस यांच्यावर येतो, आणि मग दांडा असा अडकतो की दोन हातांनी ओढूनही निघत नाही.

आता पुढचे चाक. या जीपची मुख्य तक्रार अशी की ५०-६० च्या वेगात एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग हातात थडथडू लागते आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते शांत होत नाही. आधीच्या मालकाने त्यावर नवे टायर घातले. पैसे गेले, थडथड राहिली. मिस्त्री टायर वर-खाली धरून हलवतात आणि चाक डुलते. मग मदतनीस ब्रेक दाबून धरतो. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला असता तर दोष चाकाच्या बेअरिंगचा ठरला असता. इथे तो तसाच आहे, म्हणजे किंगपिनची, पुढचे चाक ज्यांवर वळते त्या खुंट्यांची, बेअरिंगे सैल झाली आहेत. या निदानाला कसलेही यंत्र लागत नाही, लागतो तो एक जास्तीचा माणूस. किंगपिनच्या टोपीखाली कागदासारख्या पातळ चकत्या, म्हणजे शिम असतात. बेअरिंगे बदलल्यावर एकेक शिम काढून टोपी पुन्हा आवळायची आणि दोन्ही चाके जोडणारा टायरॉड सोडून, चाकासोबत वळणारा नकल तानकाट्याने ओढून पाहायचा. तो अगदी सहज फिरला तर सैल, हटून बसला तर जास्त घट्ट. टायरॉडचे बॉल जॉइंट आणि पाट्यांचे यू-बोल्टही याच वेळी तपासले जातात, कारण थडथड अनेकदा या तिघांच्या संगनमताने होते.

पुढच्या एक्सलमधल्या डिफरन्शियलचा प्लग सोडताच चहात दूध ओतल्यासारखे तेल बाहेर येते. गाडी नदी-ओढ्यात उतरली असणार. धावून तापलेला एक्सल थंड पाण्यात बुडतो तेव्हा आतली हवा आकसते. ब्रीदर, म्हणजे एक्सलची हवा आत-बाहेर जाण्याची वाट, चिखलाने बुजलेला असेल तर ही ओढ ऑइल सीलच्या कडेतून पाणी आत खेचते. नुसते तेल बदलून हा दोष जात नाही. हौसिंग डिझेलने धुऊन, सील बदलून, नवे ९० नंबरचे गिअर ऑइल भरले जाते आणि ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे तोंड बॉनेटखाली उंचावर बांधले जाते. या दुरुस्तीतले सर्वांत स्वस्त काम हेच, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचेही.

इंजिनाविषयी थोडक्यात. ऑइलचे झाकण काढल्यावर वाफेसारखा धूर जोराने येत नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंग शाबूत आहेत. या जातीचे इंजिन थंडीत आतली हवा तापवणाऱ्या हीटर प्लगशिवाय लवकर पेटत नाही. चारपैकी दोन प्लग मेलेले निघाले, ते बदलले. कागदांपैकी चेसी नंबर आरसी बुकाशी जुळतो, आणि १५ वर्षांनंतरची पुनर्नोंदणी पुढे पाच वर्षांसाठी झालेली आहे.

संध्याकाळी मालक येतात. जागेवर बसतात, चावी फिरवतात आणि मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकतात. मिस्त्री त्यांचे ऐकून होईपर्यंत थांबतात, मग त्यांच्या हाती ग्रीसगन देतात आणि म्हणतात, “साहेब, आता जरा खाली या. निपल कुठं कुठं आहेत, ते दाखवतो.”