ओंजळभर पाण्याचा हक्क

नमस्कार श्रोतेहो.

रायगड जिल्ह्यात, सावित्री नदीकाठी महाड हे गाव आहे आणि गावात चवदार तळं आहे. शंभरेक वर्षांपूर्वी या तळ्यावर सवर्ण हिंदू पाणी भरायचे, मुसलमान भरायचे, कुणी ख्रिस्ती आला तर त्यालाही मज्जाव नव्हता. गुरं पाण्यात उतरायची, पाखरं चोच बुडवायची. ज्याला अस्पृश्य ठरवलं होतं, त्या माणसाने मात्र पाण्याला हात लावायचा नाही. बाजाराला किंवा सरकारी कामाला आलेल्या अशा माणसाला कोकणातल्या उन्हात तहान लागली, तर त्याने थेट महारवाड्यातली विहीर गाठायची.

आपल्यापैकी जे सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांना 'वरून पाणी घालणं' म्हणजे काय, हे सांगायला नको. तहानलेला खाली वाकून ओंजळ करतो, देणारा उंचावरून धार धरतो, भांड्याला स्पर्श होऊ द्यायचा नाही. पाणी मिळतं, पण माणसाने माणसाला दिलेलं पाणी ते नसतं.

मानवी हक्क म्हटलं की पॅरिस, जिनिव्हा, न्यूयॉर्क अशी नावं डोळ्यांपुढे येतात. मला आज तुम्हाला या तळ्याच्या पायरीवर न्यायचं आहे. हक्क उभा कशावर असतो, हा प्रश्न तिथे जितका उघडा दिसतो तितका मला दुसरीकडे क्वचितच दिसला.

कायद्याचं म्हणाल, तर कायदा आधीच आला होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला: सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या व्हाव्यात. ठराव मंजूर झाला. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं केल्याचं ठरवून टाकलं. म्हणजे कौन्सिलाचा ठराव होता, नगरपालिकेचा ठराव होता, आणि तीन वर्षं एकाही अस्पृश्याने तिथलं पाणी घेतलं नाही. घेऊ शकला नाही. ठराव दप्तरात होता आणि तळ्याच्या काठावर गाव उभं होतं.

२० मार्च १९२७ रोजी, कुलाबा (म्हणजे आताचा रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या दुसऱ्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. थोड्याच वेळात गावात आवई उठली की ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या बाहेर पडल्या. परतीच्या वाटेवर असलेल्यांना, जेवत बसलेल्यांना मारहाण झाली. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. परिषदेला आलेल्यांत लष्करात नोकरी केलेले कितीतरी होते, उलटून मारणं त्यांना जड नव्हतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. मग शेण, गोमूत्र, दूध, दही टाकून तळं 'शुद्ध' करण्यात आलं. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला, म्हणजे बोले यांच्या ठरावानंतर बरोबर चार वर्षांनी, त्याच तारखेला, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. त्या भाषणात बाबासाहेबांनी जे सांगितलं, त्याचा मथितार्थ असा: आजवर हे पाणी प्यालो नाही म्हणून आपण मेलो नाही, आणि उद्या प्यालो म्हणून अमर होणार नाही. तळ्यावर जायचं ते, इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला. या सभेची तुलना त्यांनी १७८९ सालच्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी केली. व्हर्सायची ती सभा आणि कोकणातला तो मांडव! ज्या जागेवर मांडव पडला, तीसुद्धा एका मुसलमान गृहस्थाने दिलेली, कारण हिंदूंकडून जागा मिळेना. माझ्या मते ही तुलना कुठेही ताणलेली नाही. सगळी माणसं जन्माने समान आहेत, हे दोन्ही ठिकाणी जाहीर झालं. महाडला ते सांगणाऱ्यांना त्याच गावात प्यायला पाणी नव्हतं, एवढाच फरक.

आता कोर्टाचं ऐका. तळं आमच्या खाजगी मालकीचं आहे आणि अस्पृश्यांनी त्याला न शिवण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे, असा सवर्ण वादींचा दावा. खटला महाड, ठाणे करत मुंबई हायकोर्टात पोचला. १७ मार्च १९३७ ला, म्हणजे पाणी प्याल्यानंतर दहा वर्षांनी, निकाल लागला. बाबासाहेब जिंकले. पण कशावर जिंकले? वादींना खाजगी मालकी शाबीत करता आली नाही आणि वहिवाट अनादि असल्याचंही शाबीत करता आलं नाही, म्हणून. श्रोतेहो, मी इथे दरवेळी अडखळतो. समजा, एखादा जुना कागद सापडला असता, वहिवाट खरोखरच फार जुनी निघाली असती, तर? तर तहानलेल्याची तहान बेकायदा ठरली असती का? कोर्टासमोर मालकीचा आणि वहिवाटीचा प्रश्न होता. माणूसपणाचा प्रश्न तळ्याच्या पायरीवर विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तर देणं त्या खटल्याच्या कक्षेत नव्हतं.

पुढे १९४७ साली युनेस्कोने जगभरच्या विचारवंतांना हाच प्रश्न विचारला: हक्कांचा पाया कोणता? गांधीजींनी कळवलं की, सगळे हक्क नीट बजावलेल्या कर्तव्यातून येतात, हे मी माझ्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकलो. फ्रेंच तत्त्वज्ञ जाक मारितँ यांनी त्या चर्चेतला एक अनुभव नोंदवला आहे. हक्कांच्या यादीवर आमचं एकमत आहे, फक्त 'का' असं कुणी विचारू नका! हक्क देणारा ईश्वर की निसर्ग, यावर तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्याच्या मसुद्याच्या बैठकांमध्येही वाद झाले, आणि शेवटी जाहीरनाम्यात दोन्ही आले नाहीत. आला तो विवेक. चीनचे प्रतिनिधी पेंग चुन चांग यांना तिथे कन्फ्यूशियस परंपरेतला 'रेन' हा शब्द अभिप्रेत होता. त्याच्या चिनी अक्षरात एक खूण माणसाची आणि दुसरी दोन या आकड्याची आहे. समोरच्याचं माणूसपण आपल्या आत जाणवणं, असं काहीसं त्याला म्हणता येईल.

त्याच मसुद्यावर काम करणाऱ्या हंसाबेन मेहता मुंबईच्या सार्वजनिक जीवनातल्या. पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. त्यांनी आग्रह धरला आणि तिथे 'सर्व मानव' आलं. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये जाहीरनामा संमत झाला: ४८ मतं बाजूने, विरोधात एकही नाही, आठ तटस्थ.

चांग यांचा तो विवेक मला बाबासाहेबांच्या १९४३ सालच्या पुण्यातल्या भाषणाशी जोडावासा वाटतो. हक्कांचं रक्षण कायदा करत नाही, समाजाची सामाजिक आणि नैतिक विवेकबुद्धी करते, असं ते म्हणाले होते. समाजच विरोधात असेल, तर कायदा, संसद, न्यायालय, कुणीही हक्काची हमी देऊ शकत नाही. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे बोलतो आहे, आणि त्यामागे महाडची सगळी दहा वर्षं आहेत. तरीही त्यांनी कायदा सोडून दिला नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी, पॅरिसच्या त्या दिवसाच्या अकरा दिवस आधी, अस्पृश्यता नष्ट करणारं कलम आपल्या संविधान सभेने स्वीकारलं. आज ते कलम १७ आहे. आणि कलम १५ मध्ये विहिरी, तळी, स्नानाचे घाट अशी नावं घेऊन लिहिलेली आहेत. संविधानात 'तळी' हा शब्द वाचला की मला महाडच आठवतं.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी हा मानवी हक्क मानला तो २८ जुलै २०१० ला. माझ्या पाहण्यातल्या एका गावात त्यानंतरही वरच्या आळीची टाकी वेगळी आणि खालच्या वस्तीची वेगळी होती. कुणी कुणाला अडवत नव्हतं. कुणी जातही नव्हतं.

दर २० मार्चला महाडला माणसांची रीघ लागते. एका वर्षी मीही त्या गर्दीत होतो. पुढे एक म्हातारी, बरोबर नातू. ती वाकली, पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, एक घोट प्याली. पोराचा हात पाण्यापर्यंत पुरेना. तिने त्याला दोन्ही हात जुळवायला लावले आणि आपल्या ओंजळीतलं उरलेलं पाणी वरून त्याच्या ओंजळीत सोडलं.

नमस्कार.