सेन्सर बदलण्याआधी

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा. स्कॅनर लावला, कोड आला पी०१३५. गॅरेजमधलं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "सेन्सर गेला, बदलावा लागेल."

कोड मात्र एवढंच म्हणतो, की पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या) हीटर सर्किटमध्ये बिघाड आहे. सर्किटमध्ये फ्यूज आला, वायर आली, वायरी जोडणारा कपलर आला, अर्थिंगही आलं. नवा सेन्सर हजारोंचा, फ्यूज दहा-वीस रुपयांचा. मग आधी काय तपासायचं?

सेन्सरच्या टोकाला झिर्कोनिया या सिरॅमिकचा तुकडा असतो. तो तीनशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय सिग्नलच देत नाही. बॉशचा हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत आला, तेव्हा त्याला हीटर नव्हता. एक्झॉस्टच्या धगीवर भागवायचं. आता हीटर असतो, आणि बऱ्याचदा तक्रार त्याचीच.

इंजिन गार असताना कपलर काढूया. चार वायरी. सारख्या रंगाच्या दोन, बहुधा पांढऱ्या, हीटरच्या. काळी सिग्नलची, राखाडी तिच्या अर्थिंगची. रंग कंपनीप्रमाणे बदलतात, डायग्राम बघाच. सेन्सरकडच्या दोन पांढऱ्यांवर मल्टिमीटर ओहमवर ठेवून लावा. बऱ्याच गाड्यांत दोन-चार ते पंधरा ओहम दिसतात. मीटर काहीच रीडिंग दाखवत नसेल (सर्किट उघडं), तर हीटर तुटलाय. मग खुशाल बदला.

रीडिंग बरोबर आलं, तर मोर्चा वायरिंगकडे. इंजिन चालू करून गाडीकडच्या कपलरच्या सप्लायच्या पिनवर मीटर व्होल्टवर ठेवून धरला, बारा-चौदा व्होल्ट आले. इथंच बरेच जण फसतात. वायरीचा एकच तार शाबूत असला, तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही. त्याऐवजी इंडिकेटरचा एकवीस वॅटचा बल्ब त्या पिनेपासून बॅटरीच्या वजा टोकाला जोडा. मिणमिणला, की समजा वाटेत खोट आहे.

आता कपलर जवळून बघा. पिनेवर हिरवट गंज. क्लिप तुटल्यामुळे एक्झॉस्टला टेकून वितळलेली वायर. पावसाळ्यात तर उंदरांची कृपाही असते.

जोड देताना सेन्सरच्या वायरीला डाग (सोल्डर) देऊ नका. बरेच सेन्सर तुलनेसाठीची बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच आत घेतात. शिसं भरलं, की ती वाट बंद. क्रिम्प करा, म्हणजे जोड दाबून बसवा. कपलरमध्ये स्प्रेही मारू नका.

कोड पुसल्यावर लगेच चक्कर मारून उपयोग नाही. हीटरची तपासणी गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच करतो, आणि ती बऱ्याच गाड्यांत गार इंजिन सुरू झाल्यावरच होते. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी स्टार्ट मारा आणि स्कॅनर पुन्हा लावा.