फुप्फुसाचा कर्करोग रक्तातून कळेल का?

श्रोतेहो, नमस्कार.

'फुल बॉडी चेकअप'च्या यादीत अलीकडे 'कॅन्सर मार्कर', म्हणजे कर्करोगाची खूण मानला जाणारा रक्तातला घटक, असतो. तो अनेकदा सीईए असतो. हे प्रथिन नुसत्या धूम्रपानानेही वाढते आणि कर्करोग पहिल्या टप्प्यात असताना पुष्कळदा वाढतच नाही. त्यामुळे सिन्नरच्या एखाद्या विडी ओढणाऱ्या गृहस्थांचा रिपोर्ट नॉर्मल आला, तरी त्यांनी निर्धास्त व्हावे असे त्यात काही नाही.

संशोधकांचा शोध वेगळा आहे. रक्तात मोकळा डीएनए असतो, हे 1948 पासून ठाऊक आहे; मरणाऱ्या पेशींच्या डीएनएचे तुकडे त्यात उतरतात. डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो आणि बहुधा दोन रिळांच्या मधल्या जागी तुटतो, म्हणून निरोगी पेशीतला तुकडा साधारण 167 अक्षरांचा भरतो. कर्करोगाच्या पेशीत ही गुंडाळणी विस्कटते आणि तुकड्यांची लांबी बदलते. त्यावरून रोग ओळखण्याची पद्धत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2019 मध्ये मांडली. मात्र गाठ सेंटिमीटरभराची असताना तिचे तुकडे नळीभर रक्तात मोजकेच सापडतात, कधी एकही सापडत नाही.

त्याहून अवघड आहे ते निरोगी माणसाला निरोगी म्हणणे. समजा, हजारांत पाच जणांना रोग आहे आणि निरोगी माणसांबाबत चाचणी शंभरात पाच वेळा चुकते. तर त्या पाचांबरोबर जवळपास पन्नास निरोगी माणसे संशयित ठरतील. आपल्याकडे जुन्या क्षयरोगाचे व्रण सीटी स्कॅनवरही गाठीसारखे दिसू शकतात, म्हणजे शंका फिटण्याऐवजी प्रकरण बायोप्सीच्या सुईपर्यंत जाते.

मृत्यू कमी होतात असा भक्कम पुरावा आज कमी मात्रेच्या, म्हणजे कमी क्ष-किरण वापरणाऱ्या, सीटीच्या बाजूने आहे. अमेरिकेत 53 हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांच्या पाहणीत, छातीच्या एक्स-रेच्या तुलनेत, या रोगाचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. माझ्या मते रक्तचाचणीचे खरे काम सीटीला कोणाला पाठवायचे, एवढे ठरवण्याचे आहे. सुरगाणा-पेठच्या रुग्णाला सीटीसाठी नाशिक गाठणे सोपे नसते. रक्त मात्र गावाजवळच्या आरोग्य केंद्रात घेता येईल. तिथेही एक मेख आहे: साध्या नळीत काही तासांत प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) वेगळा केला नाही, तर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचाच डीएनए सगळीकडे पसरतो. म्हणून पेशी टिकवणाऱ्या खास नळ्या लागतात, आणि त्या महाग असतात.

तूर्त, क्षयाची औषधे घेऊनही ज्यांचा खोकला हटत नाही किंवा थुंकीतून रक्त पडते, त्यांनी असल्या पॅकेजच्या नादी न लागता थेट छातीच्या डॉक्टरांना सीटीविषयी विचारावे.

नमस्कार.