स्फुरद जागचे हलत नाही

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय ‘स्फुरदाचा जमिनीतील प्रवास’ असा छापला आहे; स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पिकाचे एक मुख्य अन्नद्रव्य. ‘प्रवास’ हा शब्द माझाच, आणि त्याबद्दल आरंभीच दिलगिरी व्यक्त करतो, कारण हे गृहस्थ घरातून निघतात खरे, पण वेशीपर्यंतही पोहोचत नाहीत.

निफाड तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत मी कैक वर्षे गोडी बहाराच्या, म्हणजे फळांसाठीच्या, छाटणीनंतर सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचे खत बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीच्या उंचवट्यावर, पसरून ठिबक सोडत असे. ‘पाण्याबरोबर जाईल खाली,’ असे दुकानदाराने सांगितले होते, आणि युरियाच्या बाबतीत ते खरे असल्यामुळे मीही शंका घेतली नाही. पानांच्या देठांतली अन्नद्रव्ये मोजणाऱ्या देठ परीक्षणात मात्र दरवर्षी स्फुरद कमीच निघे आणि दरवर्षी मी एक गोणी वाढवीत असे. अखेर वडील म्हणाले, ‘गोण्या कसल्या मोजतोस, खड्डा खणून बघ.’ कंबरभर खड्डा घेतला, थराथराची माती वेगळी करून तपासायला दिली. वरच्या चार इंचांत स्फुरद इतके निघाले, की नमुने अदलाबदल झाले असावेत असे समजून मी दुसऱ्यांदा फी भरली; फुटाखाली जवळजवळ काहीच नव्हते. वडिलांनी फी मात्र विचारली नाही, हे त्यांचे उपकार.

असे का होते? चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, युरियापासून मातीत बनणाऱ्या नायट्रेटवरही ऋण भार असतो, म्हणून माती त्याला धरून ठेवत नाही आणि ते पाण्यासोबत खाली वाहते. स्फुरद मातीत ज्या रूपात असते, त्या फॉस्फेटवरही ऋण भारच असतो. पण आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत, जिथे सामू (पीएच) आठच्या आसपास असतो, कॅल्शियम त्याला गाठून अविद्राव्य करून टाकते. हेच काम इगतपुरीकडच्या आम्लधर्मी तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम करतात, म्हणजे जिल्हा एकच आणि पहारेकरी निराळे. खताचा दाणा ओलावा शोषून विरघळतो, त्याचे द्रावण इंच-दीड इंच पसरते आणि तिथेच अडकते. त्यापुढे मुळीपर्यंतचे अंतर विसरणाने, म्हणजे दाट द्रावणाकडून विरळाकडे आपोआप पसरत, कापायचे, तेही मिलिमीटरांत, आणि माती कोरडी किंवा थंड असेल तर त्याहूनही सावकाश. निफाडचा पारा जानेवारीत कुठे उतरतो, हे या सभागृहात सांगायला नको.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे; उपायांसाठी तासभर राखून ठेवला होता, त्यातली पाच मिनिटे उरली आहेत. खत मुळीकडे जात नसेल, तर ते मुळीजवळ ठेवावे लागते: पसरू नका, बोदाच्या कडेला चारी घेऊन कुजलेल्या शेणखतात मिसळून गाडा. मायकोरायझा बुरशीचे तंतू मुळीच्या आवाक्याबाहेरचे स्फुरद आणून देतात, म्हणून तिला जपा. रॉक फॉस्फेट आपल्या विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत जवळजवळ विरघळत नाही, तो खर्च वाचवा. ठिबकमधून फॉस्फरिक आम्ल देताना कॅल्शियमची खते त्याच टाकीत मिसळू नका, नाहीतर ड्रिपर बुजतात. माती परीक्षणात स्फुरद भरपूर निघाले असेल, तर काही वर्षे हात आखडता घ्या, कारण अतिरेकाने जस्ताची कमतरता दिसू लागते.

एक दुरुस्ती राहिली. स्फुरद लांबचा प्रवास एकाच रीतीने करते: वळवाच्या पावसात वरची माती वाहून गेली, की तिच्या पाठीवर बसून ते गोदावरीत उतरते आणि नांदूर मध्यमेश्वर जलाशयातल्या पाणवेलींच्या उपयोगी पडते.