रक्त येतं तिथेच ब्रश करा

तुम्ही डब्यात टाकलेल्या चिठ्ठ्या मी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच वाचून काढल्या. रूट कॅनाल करावं की दात काढून मोकळं व्हावं, पेस्ट कोणती चांगली, दुधाचे दात पडणारच असतात तर ते भरायचे कशाला, वरची दाढ काढली की नजर जाते का, अक्कलदाढ काढावीच लागते का. सगळ्यांची उत्तरं देतो. पण हिरड्यांतून रक्त येतं, असं एकाही चिठ्ठीत नाही. म्हणून मीच विचारतो. गेल्या महिन्याभरात ब्रश करताना थुंकीत लाल रंग दिसला, असं कुणाकुणाचं झालंय? हात वर करा. घाबरू नका, इथे मी कुणाला खुर्चीत झोपवणार नाही.

बघा, मागच्या रांगेपर्यंत हात आहेत. आणि यातल्या एकालाही ते चिठ्ठीत लिहावंसं वाटलं नाही, कारण दुखत नाही. कीड खोल गेली की दात ठणकतो, रात्रभर झोपू देत नाही, आणि माणूस सकाळी दवाखान्याच्या दाराशी उभा असतो. हिरडीचा आजार तसा वागत नाही. तो वर्षानुवर्षं गुपचूप चालतो, दाताभोवतीचं हाड खाली खाली जातं, आणि एक दिवस घास चावताना दात हलल्यासारखा वाटतो. तेव्हा माणूस येतो. आज मला मुख्यतः याबद्दल बोलायचंय. चिठ्ठ्या त्याच्यामागून घेऊ.

हिरड्यांच्या जवळपास जाणारी एकच चिठ्ठी आहे: 'मशीनने दात साफ केले की दात हलायला लागतात, हे खरं का?' हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की त्याच्यावर थोडा वेळ घालवणारच आहे.

एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. बसायच्या आधीच म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही साफसफाई सुचवणार असाल तर मी निघतो. दुसरीकडे एकदा स्केलिंग केलं, तेव्हापासून खालचे पुढचे दात हलताहेत, मध्ये फटी पडल्यात, गार पाण्याने शिणशिणतात." मी म्हटलं, आज काहीच करायचं नाही, फक्त बघू. तोंड उघडल्यावर लक्षात आलं की त्यांचं काम अर्धवट झालेलं होतं. उजवी बाजू साफ होती. डाव्या बाजूसाठी पुन्हा बोलावलं होतं, तेव्हा हे गेलेच नव्हते. म्हणजे एकाच तोंडात साफ केलेली आणि न केलेली, अशा दोन्ही बाजू समोर. इतका सोयीचा पुरावा सहसा मिळत नाही.

मी त्यांच्या हातात आरसा दिला. डावीकडे खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिभेच्या बाजूला, पिवळट तपकिरी कीटणाची अखंड भिंत होती. दात कुठे संपतो आणि कीटण कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. ते नेमकं तिथेच का जमतं? जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात आणि लाळेत कॅल्शियम असतं. दातावर जीवाणूंचा जो मऊ, चिकट थर बसतो त्याला आम्ही प्लाक म्हणतो. तो वेळेवर निघाला नाही तर त्यात हे क्षार बसतात आणि त्याचा दगड होतो, तेच कीटण. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही हेच होतं, कारण तिथे गालातल्या ग्रंथीची नळी उघडते. एकदा दगड झाला की ब्रशने तो निघत नाही, कितीही जोर लावा.

मग हिरडी आणि दात यांच्यामधली फट मोजली. त्यासाठी मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई असते. निरोगी हिरडीत ती 1 ते 3 मिलिमीटर जाते. त्यांच्या साफ केलेल्या बाजूला ती 4 गेली आणि रक्त आलं नाही. न केलेल्या बाजूला 7 गेली आणि लगेच रक्त आलं. नंतर एक्स-रे काढला, आणि तो बघून गृहस्थ गप्प झाले. हाड दोन्ही बाजूंना सारखंच खाली गेलं होतं. साफसफाई एकाच बाजूची झालेली, हाड दोन्हीकडचं गेलेलं. मग हाड नेलं कुणी?

जमिनीत रोवलेल्या खांबाभोवतीची माती धुपून गेली आणि वरून चिखल वाळून खांब एकमेकांना चिकटले, तर ते घट्ट वाटतात. चिखल काढला की हलतात. कीटणाने त्यांचे दात एकमेकांना बांधून ठेवले होते. फटी आधीपासून होत्या, त्या कीटणाने भरल्या होत्या. सुजलेली हिरडी सूज उतरल्यावर आक्रसली, मूळ थोडं उघडं पडलं, म्हणून गार पाणी लागायला लागलं. हा त्रास बहुतेकांचा काही दिवसांत कमी होतो. स्केलिंगच्या मशीनला पातं नसतं. बोथट टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं, वर पाणी पडत असतं, आणि कीटण तडकून सुटतं.

सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "मग हे मला साफ करायच्या आधी का नाही कुणी सांगितलं?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. माझी तक्रारही इथे आमच्याच व्यवसायाविषयी आहे. दात आधीच किती हलताहेत, हाड किती गेलंय, साफ केल्यावर काय दिसेल, हे पाच मिनिटं आरसा हातात देऊन आधी सांगितलं असतं, तर हा माणूस उरलेली बाजू तशीच ठेवून फिरला नसता. नंतर सांगितलेली तीच गोष्ट रुग्णाला सबब वाटते. तेव्हा यापुढे तुम्ही स्वतःच विचारत जा: "डॉक्टर, माझ्या हिरड्यांचं माप किती? हाड कुठे आहे?"

आता रक्ताकडे येतो. 1683 मध्ये हॉलंडच्या लेव्हेनहूकने, स्वतः भिंगं बनवणाऱ्या माणसाने, आपल्या दातांच्या फटीतला पांढरा थर भिंगाखाली पाहिला आणि त्यात हलणारे सूक्ष्म जीव दिसल्याचं लंडनच्या रॉयल सोसायटी या वैज्ञानिकांच्या संस्थेला कळवलं. हा माणूस दात नेमाने घासणारा होता, तरी फटीत तो थर होताच. पण त्या थराने हिरडी सुजते, हे माणसांवर नीट दाखवायला पुढे पावणेतीनशेहून जास्त वर्षं गेली. 1965 मध्ये हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. त्यात बरेचसे दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते. 10 ते 21 दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा घासायला लावलं, आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. औषध नाही, इंजेक्शन नाही.

हा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात आपल्या बहुतेक रुग्णांच्या उलट वागण्याचं उत्तर आहे. रक्त दिसलं की माणूस काय करतो? ती जागा सोडून ब्रश करतो. हिरडीला लागलं, दोन दिवस विश्रांती देऊ, असं त्याला वाटतं. विश्रांती जीवाणूंना मिळते. थर वाढतो, सूज वाढते, रक्त आणखी सहज येतं, माणूस आणखी लांबून ब्रश फिरवतो. तेव्हा रक्त येतं तिथेच मऊ ब्रश लावा. ब्रशचे केस हिरडी आणि दात जिथे भेटतात तिथे साधारण 45 अंशात तिरके टेकवा आणि हलकेच, अगदी थोडे थोडे हलवा. जोर नको. दोन दातांमध्ये ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस किंवा फटींसाठीचा छोटा ब्रश वापरा. सुरुवातीला रक्त येईल. दोनेक आठवड्यांत ते कमी झालं नाही, तर आत कीटण आहे किंवा आणखी काही कारण आहे. मग दाखवायला जा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. मधुमेह असेल तर हिरड्या जास्त बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आवरणंही जड जातं. आणि सिगारेट ओढणाऱ्यांनी रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. तंबाखूच्या धुराने हिरडीतून रक्त येणं कमी होतं, त्यामुळे खूणच झाकली जाते.

"आमचे आजोबा कधी घासत नव्हते, पण सगळे दात शाबूत होते," असं इथे कुणीतरी म्हणणार. असे आजोबा असतात, मी नाही म्हणत नाही. याच लोए यांच्या चमूने श्रीलंकेतल्या चहामळ्यांतल्या 480 पुरुष कामगारांवर 1970 पासून 15 वर्षं लक्ष ठेवलं. ते दात नेहमीच्या पद्धतीने साफ करत नसत. हिरड्या सगळ्यांच्या सुजलेल्या होत्या. पण सुमारे 11 टक्क्यांचा आजार हिरडीपुरताच थांबला. सुमारे 81 टक्क्यांचा हळूहळू वाढला आणि 8 टक्क्यांचे दात फार झपाट्याने गेले. आजोबा त्या 11 टक्क्यांतले. तुम्ही कशातले, हे आधी कळायचा मार्ग घरी नाही.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. दहाच मिनिटं राहिलीत, चिठ्ठ्या भराभर घेतो.

रूट कॅनाल की दात काढणं. ठणका आपोआप थांबला की लोक म्हणतात, बरं झालं. बहुतेक वेळा दातातली नस मेलेली असते. जंतू तिथेच राहतात आणि मुळाच्या टोकातून हाडात जातात. मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच नसल्याने गोळ्या तिथे पोचत नाहीत, म्हणून नुसत्या अँटिबायोटिकने हे मिटत नाही. दात वाचण्यासारखा असेल तर रूट कॅनाल करून, म्हणजे आतली खराब नस काढून ती पोकळी भरून, तो वाचवा, आणि दाढ असेल तर नंतर कॅप बहुधा लागतेच. मूळ उभं तडकलं असेल किंवा कीड हिरडीच्या फार खाली गेली असेल तर मात्र काढलेला बरा. चेहऱ्याची सूज गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, तर दवाखान्याची वेळ बघू नका, तडक इस्पितळात जा.

वरची दाढ आणि डोळे. वरच्या दातांची संवेदना नेणारी नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी. चाळिशी-पन्नाशीत दातही काढावे लागतात आणि चष्म्याचा नंबरही त्याच सुमाराला लागतो, म्हणून एकाचा दोष दुसऱ्यावर जातो.

पेस्ट. ट्यूबवर फ्लोराइड बघा, मोठ्यांसाठी 1000 ते 1500 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग. रंग, चव, फेस यांनी फरक पडत नाही. घासून झाल्यावर थुंका आणि खळखळून चुळा भरू नका, फ्लोराइड दातावर राहू द्या. गोड खाल्लं की जीवाणू आम्ल करतात. पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधले, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातले, क्षार सुटू लागतात. लाळेला ते भरून काढायला वेळ लागतो. त्यामुळे गोड किती खाल्लं याच्यापेक्षा दिवसात किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं.

दुधाचे दात. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्या आधीच गेल्या तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागा उरत नाही. आणखी एक, सहाव्या वर्षाच्या सुमाराला सगळ्यात मागे जी दाढ येते ती पक्की असते. तिच्यासाठी आधी कुठला दुधाचा दात पडत नाही, म्हणून आईवडील तिला दुधाची समजतात आणि तिची कीड सोडून देतात. घरी गेल्यावर मुलाचं तोंड उघडून ती दाढ बघाच. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी.

अक्कलदाढ. सरळ आलेली असेल आणि ब्रश पोचत असेल तर राहू द्या. अर्धवट येऊन वारंवार सूज येत असेल किंवा शेजारची दाढ किडवत असेल तर काढा.

गरोदरपणी उपचार चालतात का? चालतात. चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा, पण ठणका किंवा सूज असेल तर त्या महिन्यांची वाट बघायची नाही.

शेवटची चिठ्ठी, खेळताना पुढचा दात मुळासकट निघाला तर. पक्का दात असेल तर तो शुभ्र भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर पाण्याखाली किंवा दुधात काही सेकंद धरा, घासू नका. शक्य असेल तर तिथल्या तिथे खोबणीत बसवून रुमालावर चावून धरायला सांगा. जमत नसेल तर कोरड्या कापडात न गुंडाळता थंड दुधात टाका आणि अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचा. मुळावरच्या पेशी वाळल्या की दात टिकण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, त्याने खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते.