दादा, २०० घेऊ की ३९०?

नमस्कार मंडळी. स्पोर्ट बाइक घ्यायची तर किती सीसीची, हा आजचा विषय. हा व्हिडिओ खरं तर मला करायचाच नव्हता. चेनला वंगण कसं लावायचं यावर व्हिडिओ केला, त्याच्याखाली कमेंट काय? "दादा, २०० घेऊ की ३९०?" अरे भावा, मी चेन दाखवतोय! टायरच्या हवेवर लाइव्ह घेतलं, तिथंही तेच. कुणी विचारतंय १५५ की २५०, कुणी म्हणतंय टीव्हीएसची आरआर ३१० की यामाहाची आर थ्री. एकानं तर नुसतं "सीसी?" एवढंच लिहिलंय. आता त्याला काय सांगू, "होय" म्हणू?

तर घ्या, एकदाचं सांगून टाकतो.

सीसी म्हणजे काय, हे पटकन उरकतो, शाळेतलं गणित आहे. सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर. पिस्टन जेवढं वरखाली करतं ती लांबी म्हणजे स्ट्रोक. दोन्हीवरून आतली जागा घन सेंटिमीटरमध्ये काढायची, ती झाली सीसी. केटीएमच्या आरसी ३९० चा बोअर ८९ मिलिमीटर, स्ट्रोक ६०, उत्तर येतं ३७३. नाव ३९०, माल ३७३. यामाहाच्या आर फिफ्टीनचा बोअर ५८, स्ट्रोक ५८.७, झाले १५५. कावासाकीच्या निन्जा ३०० मध्ये दोन सिलिंडर, दोन्ही मिळून २९६. संपलं. एका घोटात इंजिन किती पितं, एवढंच सीसी सांगतं. मिनिटाला किती घोट घेतं, ते सीसी सांगत नाही. आणि सगळी गंमत तिथंच आहे.

आता नीट ऐका, कारण हे मी आज तीनदा सांगणार आहे. मागच्या वेळी एकदाच सांगितलं आणि खाली शंभर जणांनी परत सीसीच विचारली.

गाडी किती ताकद देते हा अर्धा प्रश्न. कुठल्या आरपीएमला देते, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे फिरल्यावर देते, हा उरलेला अर्धा.

आधी कागदावर बघू. (स्क्रीनवर दोन्ही गाड्यांचे आकडे.) डावीकडे बुलेट ३५०. सीसी ३४९, जास्तीत जास्त पॉवर वीस पीएसच्या, म्हणजे वीस हॉर्सपॉवरच्या आसपास. उजवीकडे आर फिफ्टीन. सीसी १५५, पॉवर १८.४ पीएस. सीसी निम्म्याहून कमी, पॉवर जवळपास तेवढीच. मग सीसी गेली कुठं?

टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवायचा जोर, तो बघा. बुलेट २७ न्यूटन-मीटर देते, चार हजार आरपीएमला. आर फिफ्टीन १४.२, पण साडेसात हजाराला. टॉर्कला आरपीएमनं गुणा आणि ७०२० नं भागा, पीएस मिळतात. कॅल्क्युलेटर काढा, मी थांबतो. बुलेट, २७ गुणिले चार हजार, भागिले ७०२०: सव्वापंधराच्या थोडं वर. आर फिफ्टीन, १४.२ गुणिले साडेसात हजार, भागिले ७०२०: पंधरा आणि वर थोडं. म्हणजे सगळ्यात जास्त टॉर्क जिथं मिळतो तिथं दोघींकडे तीच पंधरा पीएस आहे. एक ती चार हजारालाच हातावर ठेवते. दुसरी म्हणते, आधी साडेसात हजारापर्यंत ये, मग बोलू.

यात चांगली-वाईट असं काही नाही. तालमीतला पैलवान उभ्या जागी ढकलतो. कबड्डीतला चढाईवाला पाय सतत हलते ठेवतो म्हणून भारी. चढाईवाल्याला जागेवर उभं करून "ढकल रे" म्हणालात, तर चूक त्याची नाही.

हे झालं कागदावर. आता रस्त्यावर, आणि ही माझी स्वतःची फजिती आहे.

माझी पहिली फेअरिंगवाली, म्हणजे पुढून कव्हर असलेली स्पोर्ट गाडी दीडशेची. नवीन होती, नाद होता. ऊस तोडणीचे दिवस. मी आणि मागे मावसभाऊ, कोल्हापूरहून गगनबावड्याला निघालो. मावसभाऊ तेव्हा ऐंशी किलोचा होता, आता विचारू नका. वाटेत एका चढाला पुढं उसाचा ट्रॅक्टर. एक नाही, दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला, मागं रिफ्लेक्टर नावाची गोष्ट नाही. मी चौथ्या गिअरमध्ये, पंचेचाळीसचा स्पीड, आरपीएमचा काटा पाच हजारावर. समोर रस्ता मोकळा दिसला, उजवीकडे काढली आणि रेस पिळली.

काही नाही.

म्हणजे आवाज वाढला. गाडी हळूहळू, सावकाश, पाहुण्यासारखी पुढं निघाली. पहिली ट्रॉली संपली, दुसरी चालू झाली आणि समोरच्या वळणातून लाल एसटी. मावसभावानं माझ्या बरगड्या धरल्या, त्याचे वळ दोन दिवस होते. ब्रेक मारला, परत ट्रॉलीमागं आलो. एसटीवाल्यानं खिडकीतून जे सांगितलं ते इथं सांगता येणार नाही.

घरी आल्यावर मी सगळ्यांना काय सांगितलं असेल? "गाडीत दम नाही, दीडशे कमीच पडते." वर्षभर तेच सांगत होतो. मग उद्यमनगरातल्या आमच्या फिटरकाकांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "गिअर कुठला होता?" म्हटलं चौथा. "मग दुसरा कशाला दिलाय कंपनीनं?" आणि परत कार्ब्युरेटर पुसायला लागले.

तेच की! त्याच पंचेचाळीसला दुसऱ्या गिअरमध्ये काटा सात हजाराच्या पुढं असता. गाडी तीच, सीसी तीच, आणि हाताशी मात्र कितीतरी जास्त ओढ. मी ताकद मागत होतो तिथं, जिथं ती ठेवलेलीच नव्हती.

पण हेही खरं की मागे ऐंशी किलो घेऊन प्रत्येक ओव्हरटेकला दोन दोन गिअर पाडायचे, याचा कंटाळा येतो. ते मी नाकारत नाही. त्याच्याकडे येतो.

तिसरी बाजू शहराची. कारण तुमच्यातले अर्धे जण आत्ता म्हणतायत, "म्हणूनच मोठी घ्यायची." मीही तेच म्हणालो. सेकंडहँडमध्ये चारशेच्या आसपासची एक सिंगल सिलिंडर घेतली. नाव विचारू नका, सांगणार नाही, गाडी चांगली होती, मीच चुकीच्या गल्लीत होतो. आणि गल्ली अक्षरशः. शनिवारी संध्याकाळचा कोल्हापूरचा महाद्वार रोड. पुढं माणसं, रिक्षा, फुलांची पाटी घेतलेली मावशी. स्पीड दहा. पहिला गिअर उंच, म्हणजे कमी स्पीडला इंजिन फारच हळू फिरतं, दोन हजाराच्या आसपास इंजिन हिसके द्यायला लागलं, खट खट खट. क्लच अर्धा दाबून चालवायची. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम वारा सरळ नडगीवर. मनगटं दुखतात, कारण हँडल खाली. आणि बाजूनं शंभरची स्प्लेंडर, मागे गॅसचा सिलिंडर बांधलेला, आरामात पुढं. तिची सीसी ९७.

काय कळलं? मोठ्या सीसीलासुद्धा तिची जागा लागते. मोठं सिंगल सिलिंडर, छोटा स्ट्रोक, उंच गिअरिंग, त्याला खाली रेंगाळायला आवडत नाही. दीडशे घाटात माझ्यावर रुसली, चारशे बाजारात रुसली. दोन्ही वेळा मी आरपीएमच्या चुकीच्या मजल्यावर उभा होतो. झालं तीनदा सांगून.

आता टॉप स्पीडवाले. "दादा किती जाते?" या प्रश्नाचा मला राग येतो, स्पष्ट सांगतो. कुठं नेणार आहेस? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी. समृद्धीवर बंदी. अटल सेतूवर बंदी. राहिला आपला पुणे-कोल्हापूर हायवे, तिथं चौपदरीवर दुचाकीला कमाल मर्यादा ८०, आणि मध्येच सर्व्हिस रोडवरून उलटा येणारा मोटरसायकलवाला, तो फ्री. ८० ला दीडशेची गाडीही पोचते. कुणी म्हणेल ट्रॅकवर जाऊ. जा, खरंच जा, पण वर्षातल्या त्या दोन दिवसांसाठी उरलेले दिवस नडगी भाजून घेऊ नका.

मग सीसी कुणाला बघायची? विमावाल्याला आणि जीएसटीवाल्याला. थर्ड पार्टी विम्याचे २०२२ चे दर बघा: ७५ ते १५० सीसी वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० ला १,३६६ आणि ३५० च्या वर २,८०४. नवीन गाडीला पाच वर्षांचा एकदम भरायचा, म्हणजे मोठीला १५,११७ रुपये पहिल्याच दिवशी. आर फिफ्टीन पाच सीसीनं वरच्या खान्यात जाते, बिचारी. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० पर्यंत जीएसटी १८ टक्के, त्याच्या वर ४०. म्हणून ३१२ सीसीची आरआर ३१० आणि ३७३ सीसीची आरसी ३९० यांच्यात आता नुसती ६१ सीसी नाही, कराची भिंत पण आहे. बजेट काठावर असेल तर ही भिंत आधी बघा.

एका ताईंची कमेंट होती, ती आवडली. "युरोपात म्हणे शिकाऊ लोकांना मोठी गाडी देत नाहीत, आपल्याकडे का देतात?" बरोबर आहे ताई. तिकडं टप्पे आहेत. आधी १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंत, मग ३५ किलोवॅटपर्यंत, मग मोकळं. लक्षात घ्या, पुढच्या टप्प्याला ते सीसी बघतच नाहीत, किलोवॅट बघतात. ३५ किलोवॅट म्हणजे साडेसत्तेचाळीस पीएस. आपल्याकडे अठरा पूर्ण झाले की गिअरच्या गाडीचं एकच लायसन्स, त्यावर शंभरची पण चालव आणि दोनशे पीएसच्या आसपासची कावासाकी झेडएक्स टेन आर पण. कायदा अडवत नाही, म्हणून आपण आपल्याला अडवायचं.

बरं, घ्यायची कुठली? माझा हिशोब असा: एका पीएसच्या वाट्याला किती किलो येतात. गाडी, तुम्ही, मागचा माणूस, सगळं धरून. तुम्ही ७५ चे, मागे ६५ ची व्यक्ती. आर फिफ्टीन १४१ किलोची. एकटे असाल तर एका पीएसला पावणेबारा किलो. डबलसीट, सव्वापंधरा. आता आरआर ३१०, १७४ किलो, ३८ पीएस. एकटे, साडेसहा. डबलसीट, सव्वाआठ. म्हणजे डबलसीट आरआर ३१० ही एकट्याच्या आर फिफ्टीनपेक्षा हलकी चालते.

म्हणून पहिलीच स्पोर्ट गाडी, कॉलेज-ऑफिस, महिन्यातून एखादा घाट, बहुतेक एकटे: १५५ ते २००, विषय संपला. यात गिअर पाडायची सवय लागते, आणि ती सवय नसलेला माणूस ३९० वर बसला की मला भीती वाटते. दर पंधरवड्याला डबलसीट आंबोली, फोंडा, गोवा असेल तर २५० ते ३१०. दोन सिलिंडरची आर थ्री किंवा निन्जा ३०० हायवेला मऊ वाटते, हातापायाला झिणझिण्या कमी, पण तिचीही मजा काटा वर गेल्यावरच आहे, परत तेच. ३९०? दोन वर्षं लहान गाडी नीट चालवली असेल, पावसात चालवली असेल, तर जरूर. "मित्राकडे आहे म्हणून" असेल तर नको.

घ्यायच्या आधी एकच करा. टेस्ट राइडला एकटे जाऊ नका, जो रोज मागे बसणार आहे त्याला घेऊन जा. शोरूमवाला दोन किलोमीटरच्या वर सोडत नाही, चालेल. मोकळा चढ बघा, मागं-पुढं कुणी नाही ना बघा, चौथा गिअर, चाळीसचा स्पीड, रेस पूर्ण उघडा आणि मनात मोजा साठ यायला किती लागले. मग परत तिथंच, दुसऱ्या गिअरमध्ये. दोन आकड्यांत फार फरक असेल आणि गिअर पाडायचा तुम्हाला आळस असेल, तर ती गाडी तुमची नाही.

ते दोन आकडे खाली लिहा, गाडीच्या नावासकट. सीसी लिहिलीत तर मी रिप्लाय देणार नाही. मावसभाऊ देईल, तो आता कमेंट सांभाळतो, आणि त्यानं सव्वाशेची स्वतःची घेतल्यापासून माझ्या मागं बसणं सोडलंय.